लाल बोटीसाठी पिवळी छत्री

मोरा जेटीवर लाँचच्या तिकिटाला वामन उभा होता. त्याच्या पुढं पिवळी छत्री घेतलेली म्हातारी, तिच्याशी बोलत होती रिकामी टोपली घेतलेली कोळीण.

"सखूमावशी, आज परत? मुंबईला कोन ॲडमिट हाय काय?"

"नाय गो. मी तिकडं उतरतच नाय. मधी लाल बोट उभी हाय ना, तेवढी बघून त्याच लाँचनं परत येते. माझा मिथुन बोटीवर हाय."

"मग घरी का येत नाय?"

"नऊ महिन्यांवर सही केलेली, चौदावा लागला. बदली मानूस येईपर्यंत कंपनी उतरू देत नाय. अकराच्या वर ठेवायचं नाय, असा जगाचा कायदा हाय म्हनं. युनियनवाल्यांनी पत्र पन धाडलंय."

"आनि तुमी नुसतं बघून येता?"

"छत्री उघडते ना. वरून एक जन केशरी हेल्मेट हलवतो. फोनवर मिथुन बोलायचा, दिसली गो आये."

"चला, तेवढं तरी."

"काल खरं बोलला. त्याची बोट पंधरा दिवस झाले लांब बाहेर नेलीय, तिथनं जमीन पन दिसत नाय. तिच्या जागी दुसरीच लाल बोट हाय. मला वाईट वाटंल म्हनून लपवलं."

वामननं हातातला पेपर खाली केला.

"मग मावशी, हेल्मेट कोन हलवतो?" कोळणीनं विचारलं.

"असंल कोनाचा तरी पोरगा. ए भाऊ, एक जायचं-यायचं तिकीट दे."

"तरी पन चाललात?"

"मग? छत्री नाय दिसली, तर तो वाट बघत बसंल ना."