चिकट पानांचं झुडूप

—मॅडम नका म्हणू काका, इथे सगळे आसावरीच म्हणतात, आणि ती बर्फी पिशवीतच राहू द्या. नागपूरहून इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला आलात, तेही या थंडीत, म्हणून भेटतेय — पण तुमच्या मुलाला, प्रथमेशला, परत लॅबमध्ये घ्या म्हणायला आला असाल तर उत्तर नाही असंच आहे. अंथरुणातून उठत नाही? जेवत नाही? मग मी काय करू, मी त्याची पीएचडीची गाइड होते, आई नव्हते.

त्याने तुम्हाला काय सांगितलंय कोण जाणे, म्हणून सरळ सांगते. आमचं काम ऑस्ट्रेलियातल्या रानझाडांवर — पानांचा अर्क काढायचा, व्हायरस लागलेल्या पेशींवर टाकायचा, व्हायरस थांबतो का बघायचं. बहुतेक वेळा काही होत नाही, नाहीतर पेशीच मरतात. प्रथमेशला एक झुडूप दिलं होतं, चिकट पानांचं, इमू बुश म्हणतात त्याला. एक दिवस धावत आला — व्हायरस थांबलाय, पेशी जिवंत आहेत. असा खूश, जसं काही लग्न ठरलंय. मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं, म्हटलं, "तुला ग्लोव्हज नीट घालता येत नाहीत, आणि तू औषध शोधलंस?" हसले सगळे. हसणारच. त्याने पुन्हा केलं, तेच आलं, पुन्हा केलं — मी बघितलंच नाही, प्रोजेक्ट काढून घेतला. मग नुसता खुर्चीत बसून राहायचा, मग यायचाच बंद झाला. विद्यापीठातून नाव कमी झालं, आता व्हिसाही जाईल — ते माझ्या हातात नसतं. बरं, थोडं होतं.

तेच झुडूप? हो, तेच. नंतर अनिशला दिलं, इथेच जन्मलेला मुलगा, हुशार — त्याने त्यातलं नेमकं संयुग वेगळं काढलं, आता त्यावर पेपर छापून येतोय. नाही, प्रथमेशचं नाव नाही. कशाला असेल? ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी ती पानं पिढ्यान्‌पिढ्या सर्दी-तापाला वापरतात, त्यांचंही नाव नाहीये, ते कुठे माझ्यासमोर येऊन बसलेत? — प्रथमेशची चूक काय? चूक नव्हती हो, काम चोख होतं, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं — म्हणजे, शंका आली होती. असं बघू नका. आल्या आल्या एवढं हाती लागलं की ही मुलं डोक्यावर बसतात. माझं सगळं तरुणपण गेलं इथवर यायला, माझं कुणी कौतुक नव्हतं केलं.

रडू नका, बाहेर ऐकू जातं. घेऊन जा त्याला घरी, क्लासमध्ये पोरांना बायोलॉजी शिकवेल, तेवढं येतं त्याला. काय, त्याला सांगणार? सांगा ना — तुझं बरोबर होतं म्हणून सांगा, बघा तेवढ्याने उठतो का. आणि बाकी कुणाला सांगाल तर तुमच्यावर विश्वास कोण ठेवणार आहे? चला, उठा आता काका, माझा कॉल आहे. दार लावून घ्या.