सगुणामावशींचा गडवा

मंडळी, बोलायला उभी राहिले आणि आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. धुतलेत. मी आपल्या दवाखान्यातली नर्स. सगुणामावशींच्या शोकसभेत न धुतलेल्या हातांनी माईक धरायची माझी हिंमत नाही. बोलणं जड जातंय. पण तुम्ही एवढे सगळे आलात, तर मावशींना रडक्या तोंडानं निरोप द्यायचा नाही, असं मी ठरवलंय.

मावशी बाळंतिणींच्या वॉर्डात सफाई करायच्या. माझा पहिला दिवस. हातमोजे घालून मी ऐटीत एका बाळाकडून दुसऱ्याकडे निघाले. मावशी आडव्या आल्या.

"सिस्टर, मोजे तुमाले वाचवते जी. लेकराले कोण वाचवन?"

मला राग आला. ही मला शिकवणार? मग कळलं, एका बाळाचा रोग दुसऱ्याला मीच नेऊन दिला असता.

दारावर पाटी होती, 'हात धुवा'. कोण वाचतंय? मग मावशीच दारात पाण्याचा गडवा घेऊन उभ्या राहायला लागल्या. दारात आलेल्या पाहुण्याला आपण पाणी देतो, आणि ते पाणी कुणी नाकारत नाही. डॉक्टरसाहेबसुद्धा नाही. हातावर साबण ठेवून मावशी विचारायच्या, "घरी कोण कोण आहे जी? नावं सरेपर्यंत चोळा."

माझी लेक त्याच वॉर्डात झाली. दिवस भरायच्या आधी, ओंजळीएवढी. डॉक्टर म्हणाले, हिला संसर्ग झाला तर काही खरं नाही. आणि त्याच दुपारी कोहमाऱ्याहून सासरची जीपभर माणसं आली. सासूला मी कशी अडवणार? मावशींनी गडवा पुढे केला. सासूबाई फणकारल्या.

"मी आजी आहो हिची. मले कायले अडवून राहिली?"

"पावन्याले पाणी देऊन राहिली जी. नावं सांगा."

सासूबाईंनी दीर सांगितले, जावा सांगितल्या, नातवंडं सांगितली, शेवटी बैलांचीही नावं घेतली. त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्याइतके स्वच्छ हात कुणाचे नसतील. आत मात्र मावशींनी त्यांना एकट्यांनाच सोडलं, बाकीची जीप बाहेरच. सासूबाई इथंच बसल्यात. हसू नका आई, मी खरं तेच सांगतेय.

ती लेक बघा, पहिल्या रांगेत बसलीय. यंदा सातवीत आहे. मावशी, ती तुमच्यामुळे आहे.

मंडळी, आता उभे राहू या. दोन मिनिटं मोजायला घड्याळ नको. हात जोडा आणि मनातल्या मनात घरच्या सगळ्यांची नावं घ्या. कुणाला सुटू देऊ नका. नावं सरली की मावशींचं घ्या, आणि मग खाली बसा.