लांब उभारलेला हत्ती

आरं, चहा ठिव खाली, आधी हे ऐक! आज अक्काच्या सानूला कानडी शाळेत ॲडमिशनला घेऊन गेलतो. चित्रांच्या पुस्तकातनं मीच तिला शिकवलतो, "लांबचं बारकं दिसतंय, जवळ गेलं की मोठं."

बाई कापसाच्या बोंडाचं चित्र दाखवून कानडीत इचारल्या, "ही हत्ती. मोठी का बारकी?" कानडीत हत्ती म्हणजे कापूस, तुला म्हाईत हाय. सानूला थोडं कानडी कळतंय, पण हे कुठलं म्हाईत?

ती म्हणली, "लई मोठा! लांब उभारलाय म्हणून बारका दिसायलाय. जवळ आला की सोंड दिसतीय."

बाई चष्मा सारखा करून बोंड निरखायल्या. मग इचारल्या, "हे कोण शिकवलं हिला?"

सानू लगेच माझ्याकडं बोट केली, "मामा!"

ॲडमिशन तिथंच अडकलंय बघ. तू असतास तर काय सांगितला असतास?