वार्तिनीने बर्फातून काढलेली बाग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या बागायतदार संघाचे प्रमुख माननीय कुरोताकीसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, माझ्या वयाच्या आणि माझ्यासारख्याच गुडघ्यांच्या मैत्रिणींनो, आणि उद्या इंडोनेशियाला परत निघालेली आपली वार्तिनी,

बंद पडलेल्या आपल्या शाळेचं हे सभागृह आज उघडलं आणि आत येतानाच डोळे भरले. सफरचंदं उतरवायच्या दिवसांत शाळेला सुट्टी असायची, आठवतं ना? पोरंसोरं, पाहुणेरावळे, सगळे शिड्यांवर! मग पोरं तोक्योला गेली आणि शिड्या भिंतीला लागल्या. फळं उतरवायला माणूस मिळेना, तेव्हा ही वार्तिनी आमच्या बागेत कामाला आली.

पहिल्याच दिवशी हिनं मिसोच्या सुपात लाल मिरची घातली. आमचे हे ठसकून लालबुंद. दुसऱ्या दिवशी हळूच विचारतात, "ती मिरचीची डबी कुठंय?" हसू नका, ते मागेच बसलेत.

नंतर तो मोठ्या बर्फाचा हिवाळा आला. छपरावरचं बर्फ ओढताना हे पडले, खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात मला म्हणाले, "युकिए, पुरे झालं आता. बर्फ वितळलं की बाग तोडून टाकू." मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

इकडे फांद्या बर्फात गाडलेल्या. बर्फ खचायला लागलं की फांदी खोडापासून फाटते, हे तुम्हाला मी काय सांगू! वार्तिनी फावडं घेऊन निघाली. मी ओरडले, "अगं, राहू दे! तोडायचीच आहेत ती झाडं."

ती म्हणाली, "आजी, तोडायची तर उभी असताना तोडा. अशी मोडू कशी द्यायची?"

आणि खणायला लागली. इथं येईपर्यंत बर्फ न पाहिलेली मुलगी! मग मी घरात कशी बसणार? तेवढ्यात कुंपणापलीकडून आपल्या साकीकोबाई कडाडल्या, "आम्ही काय मेलोय का गं? फावडी आमच्याकडेही आहेत!" एकेक करत सगळी आळी आली. कमरा वाकलेल्या, पण तोंडं काय चालत होती! कुणीतरी फळं उतरवतानाचं जुनं गाणं धरलं. किती वर्षांनी बागेत माणसांचा आवाज आला होता!

मे महिन्यात हे कुबडी टेकत घरी आले. झाडं फुलांनी पांढरी झाली होती. हे तसेच बागेत शिरले. मला वाटलं, आता करवत मागतील. तर म्हणाले, "यंदा खोकी जास्त लागतील."

वार्तिनीची आई आता एकटी पडलीय, तिला जायलाच हवं. संघ नव्या मुली आणणार आहे. आणायलाच हव्यात, आपल्याच्यानं आता होत नाही. त्यांनाही असंच आपलं म्हणा, एवढंच मागणं.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मनापासून आभार. म्हातारीची जीभ कुठे घसरली असेल तर पोटात घाला. आणि वार्तिनी, एखाद्या मे महिन्यात ये गं. फुलं बघायला, पाहुणी म्हणून. शिडीला हात लावलास तर बघ!