संगमरवरावर सारवण

रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढं म्हशीवाल्या गोजरबाई आणि त्यांची शेजारीण वच्छला उभ्या होत्या.

"वच्छला, परवा पाटीभर शेण नेलंस, त्येचं काय केलंस गं?"

"सासूबाईंनी फरशी सारवली."

"संगमरवरी फरशी?"

"व्हय. जुनी झिजलेली व्हती, ह्यांनी पॉलिशवाला आनून, घासून आरशागत करून घेतली. सासूबाई म्हनल्या, खाली कुनी म्हातारी हाय. मी बसले की बसती, मी रडले की रडती. मला माज्या गावाला, करकंबला सोडा."

"आन सारवल्यावर?"

"म्हातारी गेली. सासूबाई ऱ्हायल्या."

"नवरा काय म्हनला?"

"पुन्यांदा पॉलिशवाल्याला आनलं. त्यो म्हनला, सारवन झ्याक झालंय, आता रांगोळी काढा."

"मग?"

"ह्यांनी सारवन धुवून काढलं. सासूबाईंनी गठुडं बांधलं. दोन दिस झालं, जेवल्या न्हाईत. मला लई भ्या वाटतंय, गोजराक्का. आजच्याला आनि एक पाटी शेण द्या."

"देते की. पर नवऱ्याला काय सांगशील?"

"त्येच बेलबॉटम दुमडून, पाटी घिऊन तुमच्या गोठ्यात बसल्यात, म्हशीची वाट बघत."