आईची साखर अन् जवायाची शॅम्पेन

आमचे जवाई लग्नानंतर पहिल्यांदाच बाभुळगावले आले, तेही फ्रान्सहून ब्रूट शॅम्पेन घेऊन. म्हणे, "तीनचार सालच्या वाइनी मिसळून बनवतात. साखर नसल्यासारखीच. तळलेल्या खारट गोष्टीसंग मस्त लागते."

आईनं लगेच भजे तळले. बाबांनी घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं.

"आंबट हाय."

"अवो, पोरानं इतक्या लांबून आणलं, असं म्हणू नका!" म्हणत आईनं मायेनं बाबांच्या गिलासात चमचाभर साखर टाकली. असा फेस उसळला का भज्याचं ताट वलंचिंब! जवायाचं तोंड पाहण्यासारखं झालं.

बाबांनी त्यातलं एक वलं भजं खाल्लं. मंग दुसरं. मंग ताटच आपल्याकडे वढलं.

"जवाईबुवा, हे तं खाची चीज हाय! पेवाले कायले देल्ली?"