चोरीला न गेलेले चार टायर

जबाब देणार: फिर्यादीची थोरली मुलगी, वय ३८ वर्षे, धंदा शिवणकाम (शाळेचे गणवेश), राहणार फिर्यादीच्याच घरी, तळमजला.

मी कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझी मुलगी आणि माझे वडील असे तिघे राहतो. वडिलांना घरात आणि इमारतीत सगळे अण्णा म्हणतात. ते बसचालक म्हणून निवृत्त झाले असून सबंध नोकरीत त्यांच्या हातून एकही अपघात झालेला नाही. हे ते स्वतःच सर्वांना सांगतात आणि ते खरे आहे. मला गाडी चालवता येत नाही. आमच्या गाडीच्या स्टिअरिंगला अण्णांशिवाय कोणी हात लावत नाही.

अण्णांनी काल संध्याकाळी फिर्याद दिली की, त्यांच्या गाडीचे चारही टायर चोरीस गेले असून गाडी विटांवर उभी आहे आणि त्यांचा संशय इमारतीच्या वॉचमनवर आहे. वॉचमनना आम्ही मामा म्हणतो. मामा कालपासून इथे बाकावर बसून आहेत. त्यांनी टायर चोरलेले नाहीत. ते मी काढून घेतले आहेत.

गाडी महिन्यातून जेमतेम चार-पाचदा बाहेर निघते. मुलीला पोहायच्या क्लासला सोडणे आणि कधीमधी आत्याकडे जाणे, एवढेच. त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी आहे. पण कोपऱ्यावरच्या टायरवाल्यांनी गेल्या वर्षीच सांगितले होते की नक्षीवर जाऊ नका, उभ्या गाडीचेही रबर वाळते, बाजूला बारीक भेगा पडल्यात, बदलून टाका. अण्णांनी ते उडवून लावले. "त्याला टायर खपवायचेत. मी उभी हयात टायरवर काढली आणि हा मला शिकवतोय!" असे म्हणाले. यावरून जेवायला बसले की आमची जुंपायची.

पंधरवड्यापूर्वी भर दुपारी मी त्यांना गाडीजवळ नेले. टायर कोणत्या वर्षी बनला ते त्याच्या अंगावर आकड्यांत उठवलेले असते. मी म्हणाले, "अण्णा, तुम्हीच वाचा, म्हणजे मी बोलले असं व्हायला नको." अण्णा उकिडवे बसले. चष्मा डोळ्यांवर होता, ऊन लख्ख होते. त्यांनी आकड्यांवरून अंगठा फिरवला आणि वर्ष बरोबर सांगितले. सांगताना ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

त्यात काय झाले, असे हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगते की, मी शिवणकाम करते. काळ्या कापडावरची काळी शिवण उसवताना मीही भिंतीकडे बघते, कारण तिथे डोळ्यांचा उपयोग नसतो, बोटालाच दिसते. तो आकडा मला उभ्याने दिसत होता.

अण्णा उठले, हात झटकले आणि म्हणाले, "आठ वर्षं झाली, मग? मला सत्तर झाली, मला पण बदलतेस का?" मी हसले, तेही हसले. त्यानंतर डोळ्यांचा विषय काढायचा मला धीर झाला नाही, मी टायरचाच काढत राहिले. टायर म्हटले की ते भांडायचे. डोळे म्हटले असते तर गप्प बसले असते आणि ते मला बघवले नसते.

मामांना हे माझ्याआधी कळले होते. अण्णा गाडी मागे घेऊ लागले की मामा खुर्ची सोडून मागे जाऊन उभे राहतात आणि "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" असे ओरडतात. अण्णांना वाटते, मामा त्यांना मान देतात. एकदा मामा तापाने घरी होते, त्या दिवशी गाडी गेटच्या खांबाला घासली. अण्णा म्हणाले, खांब पुढे आलाय. मामांनी कामावर आल्या आल्या तो खांब पांढराशुभ्र रंगवला. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

या शनिवारी अण्णा माझ्या मुलीला घेऊन घाटातून आत्याकडे जाणार होते. मी टायरचे कारण सांगून पाहिले, मुलीच्या परीक्षेचे निमित्त काढून पाहिले. त्यांनी एक ऐकले नाही. मुलीने आजोबांशेजारी बसायचे म्हणून पिशवीही भरून ठेवली होती. मग काल दुपारी अण्णा झोपले असता मी टायरवाल्यांना बोलावले. त्यांनी चारही चाके उतरवून दुकानात नेली, ती तिथेच आहेत. विटा मामांनी आणून दिल्या. मी त्यांना म्हणाले, "मामा, मी परत येईपर्यंत तोंड उघडू नका. अण्णांना मीच सांगेन." आणि मुलीला घेऊन गणवेश पोचवायला परगावी निघून गेले. ते काम पुढच्या आठवड्यातही झाले असते. अण्णांसमोर उभी राहायची माझी छाती झाली नाही.

आज सकाळी परतल्यावर सर्व समजले. मामांनी इथे "मला ठाऊक नाही" एवढेच सांगितल्याचे कळते. एक वाक्य बोलले असते तर घरी जाऊन झोपले असते. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटते. त्यांना आत्ताच्या आत्ता सोडावे. अण्णांनी खोटी फिर्याद दिलेली नाही, टायर खरोखरच जागेवर नव्हते. काही कारवाई करायची असेल तर ती माझ्यावर करावी.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. फिर्यादी हजर होते. त्यांच्या हाती कागद दिला असता त्यांनी तो बराच वेळ समोर धरला, परत केला आणि म्हणाले, "मलाही वाचून दाखवा." त्यावरून सर्व मजकूर पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचला. तो ऐकून फिर्यादी उठले आणि बाकावर वॉचमनशेजारी जाऊन बसले. त्यांनी फिर्याद मागे घेतली असून त्यांच्या सांगण्यावरून पुढील मजकूर घातला आहे:

टायर आजच नवे घालावेत. गाडी यापुढे माझी मुलगी चालवील. तिला अजून येत नाही, आणि शिकणाऱ्याच्या हाती जुने टायर देत नसतात. शेजारी मी बसेन. हे मी ऐकले, बरोबर आहे.